सात कॉकचं विमान

माझ्या विमानात पेट्रोलचे सात कॉक होते आणि सातही कॉकना कारण होतं, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे. लोक म्हणतात, मी चिडका आहे. मी चिडका नाही. समोरचा माणूस बिनडोकपणे बोलायला लागला की माझा आवाज आपोआप चढतो, एवढंच. आणि घरी विमान बांधणाऱ्या माणसाशी लोक दुसऱ्या कुठल्या पद्धतीने बोलतच नाहीत, त्याला मी काय करू?

विमान म्हणजे काही फार मोठं नव्हे. दोन माणसं शेजारी शेजारी बसतील एवढं. डोक्यावर पंख, पुढे एक इंजिन, खाली तीन चाकं. नकाशे विकत मिळतात, सामान मिळतं, कायद्याने परवानगीही मिळते. मिळत नाही ती शेजाऱ्यांकडून शांतता. आमच्या इमारतीच्या पार्किंग शेडमध्ये सहा वर्षं मी ते बांधत होतो. उडवायचा परवाना मी रीतसर परीक्षा देऊन काढला होता, तेव्हा "आधी चालवायला तर शिका" हे जे वाक्य आता तुमच्या जिभेवर आलं असेल ते गिळून टाका.

बायको मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवते. पंखांवरचं सगळं कापड हिने शिवलं. पंखाच्या प्रत्येक फासळीला दर दोन-अडीच इंचांवर एक गाठ, अशा दोन्ही पंखांच्या मिळून अठराशे गाठी. पहिली गाठ मारतानाच हिने मला बजावलं होतं, "शेजारच्या सीटवर मी बसणार. पण सरकारी माणसाने तपासून सही दिल्यावरच. नुसत्या तुमच्या शब्दावर मी तुम्ही ठोकलेल्या स्टुलावरसुद्धा बसत नाही." त्यामुळे सहा वर्षं माझं सगळं लक्ष त्या एका सहीकडे लागलेलं होतं. ती सीट मी हिच्या मापाने बनवली होती, आणि ती रिकामी घेऊन उडण्यात मला काडीचा रस नव्हता.

आता मी कोण, ते सांगतो. मी पालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात चोवीस वर्षं आहे. शहराच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागाला पाणी मी सोडतो. रस्त्यांखाली दोनशे अकरा व्हॉल्व्ह आहेत. त्यातला कुठला किती आटे फिरवला की कुठल्या गल्लीत पाणी चढतं, हे खात्याच्या एकाही कागदावर नाही. ते माझ्या डोक्यात आहे. मी दोन दिवस रजेवर गेलो की तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः फोन करतात आणि चक्क "कृपा करून" असे शब्द वापरतात.

अशा माणसाच्या हातात विमानाच्या इंधनाचा नकाशा आला. काय होतं त्यात? दोन पंखांत दोन टाक्या. दोन्हींतून एकेक नळी खाली येते आणि एका कॉकला मिळते. तो कॉक डावीकडे, उजवीकडे किंवा बंद. पुढे एक गाळणी. पुढे इंजिन. झालं. पंप नाही, काही नाही, पेट्रोल आपलं आपल्या वजनाने खाली उतरणार. मी नकाशा उलटा करून मागच्या बाजूला आणखी काही आहे का ते पाहिलं. मागे काहीच नव्हतं. अहो, आमच्या गच्चीवरच्या टाकीला याहून जास्त अक्कल लागलेली आहे! चोवीस वर्षांच्या अनुभवाचा हा अपमान होता आणि मी तो सहन केला नाही.

मी नवीन योजना काढली. डाव्या टाकीला स्वतंत्र कॉक, उजवीला स्वतंत्र कॉक. दोन्ही टाक्या एकमेकींना जोडणारी नळी, तिच्यावर तिसरा. सीटच्या मागे तीन लिटरची राखीव टाकी, तिच्यात पेट्रोल जायला चौथा आणि यायला पाचवा. गाळणी तुंबलीच तर तिला वळसा घालून जाणारी नळी, तिला सहावा. आणि सगळ्यांवर मुख्य, सातवा. प्रत्येकाला वेगळा रंग. कुठूनही, कुठेही, कसंही पेट्रोल फिरवता येईल अशी व्यवस्था. ती पूर्ण झाली त्या दिवशी मी तासभर नुसता स्टूल टाकून तिच्यासमोर बसलो होतो.

ही आली, बघून म्हणाली, "यातला चालू करायचा कुठला?"

"कशासाठी चालू करायचाय त्यावर ते आहे," मी म्हणालो. ही मान हलवून घरात गेली. हिचं मान हलवणं मला कधीच वेळेवर कळलेलं नाही.

सल्ला देणाऱ्यांत पहिला नंबर वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांचा. त्यांना प्रत्येक वस्तूत वाकून बघायची सवय. एक दिवस शिडीवर चढून त्यांनी टाकीच्या झाकणाशेजारची बारीक नळी पाहिली आणि म्हणाले, "ही उघडीच आहे की! पेट्रोलचा वास येतो तो इथूनच. बुजवून टाका."

मी त्यांना शांतपणे समजावलं. शांतपणे म्हणजे तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेलं नाही इतपत. टाकीतून पेट्रोल खाली जातं तेव्हा त्याच्या जागी वरून हवा आत यावी लागते. हवा आली नाही तर पेट्रोल अडतं. तेलाच्या डब्याला आपण दुसरं भोक पाडतो ते हौसेने पाडत नाही. "डॉक्टर," मी म्हणालो, "दाढेचं भोक वेगळं आणि टाकीचं भोक वेगळं." ते "हो, हो, बरोबर" म्हणाले. "हो, हो, बरोबर" म्हणणाऱ्या माणसाने आतून काहीही ऐकलेलं नसतं, हे मला त्या वयात माहीत असायला हवं होतं.

मग सोसायटीचे सेक्रेटरी. हे निवृत्त मुख्याध्यापक. अजूनही जगाला सूचनाफलकावरूनच भेटतात. त्यांनी सहा वर्षांत माझ्या विमानाला एकदाही विमान म्हटलेलं नाही. "शेड क्रमांक चारमधील सदर वस्तू" असा उल्लेख असतो. तपासणीसाठी पंख जोडून ते अंगणात उभं करायचं होतं आणि पंखांची लांबी अशी की ते अंगणात तिरकंच मावणार. त्यासाठी सात मोटारी हलवायला हव्या होत्या. सेक्रेटरींनी सभा बोलावली. सभेत मोटारींवर पाच मिनिटं आणि माझ्यावर दीड तास चर्चा झाली. तिसऱ्या मजल्यावरचा एकजण उठून म्हणाला, "आमच्या नळाला सकाळी धार येत नाही, आणि हे म्हणे आकाशात पेट्रोल पोचवणार!" लोक हसले. मी हसलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावर धारच काय, थेंबही आला नाही, पण तो निव्वळ योगायोग होता.

अंगणात चाळीस लिटर पेट्रोल भरायचं म्हणून अग्निशमन कार्यालयाचा दाखला लागतो. तिथल्या कारकुनाने फॉर्म पुढे ढकलला. त्यात वाहनाचे प्रकार चाकांवरून ठरवलेले होते.

"चाकं किती?"

"तीन. पण ते विमान आहे."

"तीन चाकं म्हणजे मालवाहू तीनचाकी."

"त्याला पंख आहेत हो!"

त्याने फॉर्म वरपासून खालपर्यंत बोटाने तपासला. "पंखाला रकाना नाही. 'इतर जोडणी' इथे लिहा. लोक ट्रॉलीचं तिथेच लिहितात." मग माझ्या ओळखपत्राकडे बघून त्याचा चेहरा बदलला. "पाणीखात्यातले का तुम्ही? आमच्या गल्लीत चार महिने पाणी कमी दाबाने येतंय. तुमचा अर्जही त्याच दाबाने पुढे जाईल." तीन आठवड्यांनी दाखला मिळाला. त्यावर लिहिलं होतं: मालवाहू तीनचाकी, जोडणीसह. मी तो फाडायला निघालो होतो. हिने हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "चिडायचं ते दाखला दाखवून झाल्यावर चिडा."

तपासनीस बाई वर्षातून दोनदाच आमच्या शहरात येतात. पन्नाशीच्या, ठेंगण्या, गळ्यात चष्मा, हातात एक काचेचं मापाचं भांडं. शुक्रवारी सकाळी त्या आल्या तेव्हा सगळी इमारत गॅलरीत होती. सेक्रेटरी वाळूच्या बादल्यांशेजारी पाहुण्यांच्या स्वागताला उभं राहावं तसे उभे होते. बाईंनी शेपटीपासून सुरुवात केली. हिच्या गाठींवरून बोट फिरवत फिरवत पंखाच्या टोकापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "शिवण कुणाची?" ही म्हणाली, "माझी." बाई म्हणाल्या, "अशी मी फार कमी पाहिलीय." सहा वर्षं खिळेमोळे मी केले आणि कौतुकाचं पहिलं वाक्य शिवणीला! पण मी गप्प बसलो. सही व्हायची होती.

मग त्या कॉकपाशी आल्या. एक, दोन, तीन... सात. त्यांनी पुन्हा मोजले.

"हे नकाशात नाही," त्या म्हणाल्या.

"ही सुधारणा आहे," मी म्हणालो.

"बघू. तुमचं इंजिन पूर्ण जोरात तासाला चोवीस लिटर पितं. नळीतून त्याच्या दीडपट यायला हवं. म्हणजे मिनिटाला सहाशे मिलिलिटर. इंजिनाकडची नळी सोडा आणि या भांड्यात धरा. आधी नाक वर करा."

"नाक?"

"विमान चढताना नाक वर असतं. इंजिन टाकीच्या जवळपास पातळीला येतं, तेव्हाच धार सगळ्यात बारीक होते आणि तेव्हाच इंजिनाला सगळ्यात जास्त पेट्रोल लागतं. तुम्ही कसं मोजलंत?"

मी सपाट ठेवून मोजलं होतं. शहर काही नाक वर करून उभं राहत नाही. पण हे मी बोललो नाही. पुढच्या चाकाखाली विटा रचल्या, मुख्य कॉक उघडला. धार आली. दहा सेकंद छान आली, मग बारीक झाली, मग थेंब, मग तेही नाही. भांड्यात नव्वद मिलिलिटर. गॅलरीतून कुणीतरी म्हणालं, "पाणी गेलं!"

मी शिडीवर चढलो. हवेच्या नळीच्या तोंडाशी गुलाबी रंगाचा एक टणक गोळा बसला होता. दोन्ही पंखांवर. दातांचा साचा घ्यायला डॉक्टर लोक जो लगदा वापरतात, तो!

"डॉक्टर!!" मी ओरडलो. हे ओरडणं तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेलं.

"अहो, काल सगळ्यांनाच वास येत होता," दंतवैद्य गॅलरीतून म्हणाले. "आणि ते साधं नाही हं, इंपोर्टेड आहे."

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला रागापेक्षा आनंद जास्त झाला. चूक दुसऱ्याची होती! मी तो गुलाबी गोळा चिमट्यात धरून बाईंना दाखवला, सेक्रेटरींना दाखवला, हिला दाखवला. बाई म्हणाल्या, "ठीक. पुन्हा."

पुन्हा केलं. तीनशे ऐंशी.

बाईंनी गाळणी उघडायला सांगितली. जाळीवर पांढऱ्या धाग्यांचा पुंजका होता. त्यांनी तो नखाने उचलला. "सांध्यांना टेफ्लॉन टेप लावलीत?"

"चोवीस वर्षं लावतोय. माझा एक सांधा गळलेला दाखवा."

"गळत नाही, पण तुटून आत जाते. पाण्याच्या नळात ती टेप बादलीत पडते. इथे गाळणीत अडकते." चौदा सांध्यांना मी स्वतः, प्रेमाने, तीन तीन फेरे देऊन ती टेप लावली होती. या वेळी चूक माझीच होती, चिमट्यात धरून सेक्रेटरींना दाखवण्यासारखं काही नव्हतं.

गाळणी साफ करून तिसरी चाचणी. पाचशे चाळीस.

"साठ मिलिलिटर!" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "अर्धा कप चहा! अर्ध्या कपासाठी तुम्ही माझी सहा वर्षं..."

"तुमचा प्रत्येक कॉक आणि प्रत्येक वळण थोडीथोडी धार खातं," बाई थंडपणे म्हणाल्या. "पण मला अर्ध्या कपाची काळजी नाही. बसा आत. ताई, तुम्हीही या, शेजारी तुम्हीच बसणार ना?"

ही पदर खोचून पहिल्यांदाच त्या सीटवर बसली. माप बरोबर होतं.

बाईंनी घड्याळ काढलं. मला म्हणाल्या, "पाचशे फुटांवर आहात. डावी टाकी संपली, इंजिन बंद. उजवी चालू करा."

मी लाल बंद केला, हिरवा उघडला, जोडनळीचा पिवळा बंद आहे का ते पाहिलं, तो उघडाच होता, बंद केला, राखीवचा निळा फिरवला, मग आठवलं की निळा आत जाण्याचा आहे, बाहेर येण्याचा जांभळा, म्हणून निळा परत फिरवला...

"अडतीस सेकंद," बाई म्हणाल्या. "तुम्ही केव्हाच जमिनीवर पोचलात. आणि हे तुम्ही, ज्यांनी बनवलंय ते." मग हिच्याकडे वळून म्हणाल्या, "आता असं समजा, यांचे दोन्ही हात विमान सावरण्यात गुंतलेत. हे तुम्हाला ओरडून सांगतात, पेट्रोल बदल. तुम्ही काय कराल?"

हिने सात रंगांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"मी विचारीन, कुठला."

"मग?"

"मग हे चिडतील."

गॅलरीत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मला कुणावर तरी ओरडता आलं असतं.

बाई भांडं पुसत म्हणाल्या, "सही नाही. मी सोमवारपर्यंत शहरात आहे."

त्या दुपारी मी शेडमध्ये बसलो आणि मला भयंकर राग आला. बाईंचा आला, दंतवैद्यांचा आला, नकाशा काढणाऱ्याचा आला, आणि एकेक करून ते सगळे संपल्यावर मीच उरलो. दोनशे अकरा व्हॉल्व्ह मी कागदावर का उतरवले नाहीत, हे मला माहीत आहे. उतरवले असते तर साहेबांचा फोन आला नसता. माझ्यावाचून अडलं पाहिजे, ही माझी खोड. शहराचं अडलं तर लोक बादल्या घेऊन रांगेत उभे राहतात आणि मला शिव्या देतात, बस. पण इथे मी तीच व्यवस्था हिच्या गुडघ्याशेजारी बसवली होती, रंग देऊन. पाचशे फुटांवर हिने "कुठला?" विचारलं असतं आणि मी चिडून बोललो असतो आणि तेवढ्यात ही मेली असती. मला स्वतःची इतकी शरम जन्मात कधी वाटली नव्हती.

मी पाना घेतला, सातही कॉक उपटून काढले आणि नकाशातला तो एकच, डावीकडे-उजवीकडे-बंदचा कॉक बसवला. राखीव टाकी काढली, वळसे काढले, चौदा सांध्यांचे सहा झाले. टेपचा कण न् कण ब्रशने घासून काढला आणि नकाशात लिहिलं होतं ते पेट्रोलला चालणारं सील लावलं. ते वाक्य नकाशात ठळक अक्षरांत होतं. शनिवारी ही शाळेतून आली, काही न विचारता पलीकडच्या बाजूने नळी धरून उभी राहिली. रविवारी दंतवैद्य खाली आले, म्हणाले, "मी काही मदत करू?" मी म्हणालो, "करा. वर जा." ते गेले, पण जाताना हवेच्या नळीकडे बघून गेले, म्हणून मी दिवसभर शिडी काढून ठेवली.

सोमवारी भांड्यात मिनिटाला सातशे दहा आले, नाक वर करून, दोन्ही टाक्यांचे वेगवेगळे. सेक्रेटरींनी टाळी वाजवली आणि मग आपण पदाधिकारी आहोत हे आठवून थांबवली. बाईंनी आम्हाला पुन्हा आत बसवलं. या वेळी मला ओरडायला सांगितलं.

"पेट्रोल ब..." मी म्हणालो, आणि कटकन आवाज झाला. हिचा हात कॉकवर होता आणि कॉक उजवीकडे होता. माझं वाक्य पूर्ण व्हायची हिने वाट पाहिली नाही. लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण हिच्याकडे बघून मला इतका अभिमान पूर्वी कधी वाटला नव्हता, आणि तो मला बोलून दाखवता आला नाही.

बाईंनी विमानाच्या नाकावर कागद ठेवून सही केली, शिक्का मारला आणि कागद माझ्या हातात दिला. मी तो हिला मोठ्याने वाचून दाखवायला लागलो. विमानाचा प्रकार. बरोबर. वजन. बरोबर. तिसरं कलम वाचताना माझा आवाज आपोआप खाली आला. उड्डाणाचे पहिले चाळीस तास विमानात चालकाशिवाय दुसरी कोणतीही व्यक्ती बसणार नाही.

"म्हणजे?" हिने विचारलं.

"नव्या विमानात पहिल्या चाळीस तासांतच जे काय निघायचं ते निघतं," बाई म्हणाल्या. "ते निघेल तेव्हा आत एकच माणूस असावा. सगळ्यांना हाच नियम आहे."

इथे मी भांडायला हवं होतं. सहा वर्षं मी रकान्यांशी, सूचनाफलकाशी, गुलाबी गोळ्याशी भांडलो. पण खरं सांगतो, ते कलम वाचून मला छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. पहिल्या उड्डाणात ही जमिनीवर असणार. आयुष्यात पहिल्यांदाच मला एक सरकारी नियम मनापासून आवडला, आणि मी शहाण्यासारखं म्हणालो, "बरोबर आहे त्यांचं."

ही माझ्याकडे बघत राहिली. तो चेहरा मी ओळखला. मी रोज दाढी करताना तो आरशात बघतो.

"बरोबर आहे?" ही म्हणाली. तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी भरली. "बोटांना टोचून टोचून भोकं पडली, तेव्हा नव्हता का हो नियम? शिवताना मी चालते, आणि बसताना नको?"

"अगं, तुझ्याच जिवासाठी..."

"आणि तुमचा जीव काय भाड्याने आणलाय?"

मी बाईंकडे पाहिलं. त्या चष्मा पुसायला लागल्या. ही खाली उतरली आणि हिने विमानाचं दार आपटलं. पण ते दार मी फार हलकं बनवलेलं आहे, त्याचा आवाजच आला नाही. म्हणून हिने ते पुन्हा उघडलं आणि पुन्हा आपटलं.